रॅलीचे पैसे गोळा झाले आणि झोप गेली

आमच्याकडे आता बायकांच्या बाईक रॅल्या बऱ्याच निघायला लागल्यात. जिजाऊ जयंतीला निघते, आठ मार्चला निघते, कुठं शाळेसाठी निधी असतो तर कुठं दवाखान्यासाठी. चांगलंच आहे. पण मी समुपदेशनाचं काम करते, आणि दिवाळी उरकली की माझ्याकडे एक ठरलेलं वाक्य घेऊन माणसं यायला लागतात, कोणी गाडीवर जाणार असतं, कोणी सायकलवर पंढरपूरला, कोणी दौडीत नाव दिलेलं असतं, पण वाक्य सगळ्यांचं एकच: "मॅडम, लोकायचे पैसे घेऊन बसलो, आता जमलं नाई तं?"

आणि घरच्यांचं उत्तरही सगळीकडे एकच. "काई नाई होत, तू जाय बिनधास्त." नाहीतर, "म्हटलं होतं ना, कायले गेली नाव द्याले." दोन्ही उत्तरांनी भीती तसूभर कमी होत नाही, हे मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा सांगितलंय तरी लोक तेच म्हणतात.

तर एक केस सांगते. नाव, काम, गाव सगळं बदललंय. सुनीता म्हणू. वय चाळिशीच्या जरा आत, दिग्रसच्या बाजूची, अंगणवाडीत काम. आयुष्यभर स्कुटी चालवली ती पण घर ते अंगणवाडी ते बाजार. एका ग्रुपमध्ये नाव दिलं, सिंदखेडराजा ते भामरागड, म्हणजे विदर्भाच्या पश्चिम टोकापासून पार पूर्व टोकापर्यंत, वाशिम, यवतमाळ, वणी, चंद्रपूर, आलापल्ली करत सहाशे किलोमीटरच्या वर, १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळावरून निघायचं आणि तिकडच्या आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहाला पैसे द्यायचे. प्रत्येकीनं आपापल्या गावातून निधी जमवायचा. हिनं सगळ्यात जास्त जमवला, चाळीस हजाराच्या वर. आणि गिअरची गाडी धड येत नाही.

पहिल्यांदा आली ती नवऱ्यासोबत. बोलला तोच. "हिले समजावा मॅडम, झोपतच नाई रात्रभर, म्या म्हनतो नोको जाऊ तं रडते, जाय म्हनलं तरी रडते."

मी त्याला बाहेर चहा प्यायला पाठवलं आणि तिला पहिला प्रश्न विचारला तो लायसनचा. हा काय समुपदेशनाचा प्रश्न आहे का, असं वाटेल कोणाला, पण मी नेहमी तिथूनच सुरू करते. भीती बऱ्याचदा खरं बोलत असते आणि आपण तिला उगाच मनाचा आजार ठरवून मोकळे होतो. लायसन निघालं विदाउट गिअरचं. म्हणजे जी गाडी घेऊन ही सहाशे किलोमीटर जाणार ती चालवायचा परवाना हिच्याकडे नाही, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील, आणि हे तिला माहीत होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. गिअरसाठी लर्निंग काढायचं, ते सहा महिने चालतं, तीस दिवस झाले की पक्क्याची टेस्ट देता येते, म्हणजे वेळ होता पण आज गेली तर. दुसऱ्या दिवशीच गेली.

आणि गाडी कोणती? तर दिराची बुलेट. का? "फोटोत चांगली दिसते म्हनतात सगळ्या." उभी केली तर पायाचे फक्त चवडे टेकायचे. बुलेट पावणेदोनशे किलोच्या वर जाते, नवऱ्याची सव्वाशे सीसीची साधी गाडी सव्वाशे किलोच्या आसपास. नवीन माणसाला थांबताना, वळवताना, गिट्टीवर हा पन्नास-साठ किलोचा फरक कळतो. बुलेट परत गेली.

इथपर्यंत कोणताही शहाणा मेकॅनिक सांगेल ते मी सांगितलं. पुढची गोष्ट माझ्या कामाची.

दोन-तीनदा भेट झाल्यावर मी तिला विचारलं, रात्री झोप लागत नाही तेव्हा नेमकं काय दिसतं. लोक "भीती वाटते" एवढंच सांगतात, तिथं थांबायचं नाही, चित्र काय ते विचारायचं. ती म्हणाली, वणीच्या पुढं कोळशाचे टिप्पर चालतात ना, तिथं मी पडून आहे रोडवर.

"कुठं लागलंय?"

"काय?"

"पडल्या ना तुम्ही. हात मोडला, डोकं फुटलं, काय झालंय चित्रात?"

तिनं डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लागलं तं काहीच नाई मॅडम. म्या पडली हाये न सगळे लोकं पाहून रायले."

"कोण लोक? वणीचे?"

"नाई... आमच्याच गावचे. कृषी केंद्रवाले काका. नंदोई. आमच्या सुपरवायजर मॅडम."

आणि तिला स्वतःलाच हसू आलं. दिग्रसकडचे नंदोई वणीच्या पुढं हायवेवर काय करताहेत!

मला हा क्षण फार आवडतो, आणि मी मुद्दाम त्याची वाट बघत असते. कारण टिप्परखाली जायची भीती असती तर चित्रात रक्त दिसलं असतं. दिसत होते ते देणगीदार. दोन भीत्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, तूर आणि कापसासारख्या एकाच वावरात, आणि ती दोन्हीला एकच फवारा मारत होती: गाडी जास्त चालवून बघू, म्हणजे भीती जाईल. रस्त्याची भीती सरावानं कमी होते. लोकांची भीती गाडी चालवून कशी जाईल? उलट जितकी गाडी चांगली यायला लागली तितकी ही वाढली, कारण आता तर कारणही उरलं नाही मागं फिरायला.

मग आम्ही वहीत दोन पानं केली. एकावर रस्ता, एकावर माणसं.

रस्त्याचं पान मी तिच्या भाच्याच्या हवाली केलं, पोट्टं चांगलं गाडी चालवतं. रविवारी झेडपी शाळेच्या ग्राउंडवर. आधी एकदम हळू गाडी, पाय न टेकवता, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक. मग यू टर्न. मग तीस-चाळीसच्या स्पीडवरून दोन्ही ब्रेक सोबत दाबून थांबणं, कारण स्कुटीवाल्यांना मागच्याच ब्रेकची सवय असते आणि गाडी खरी थांबते ती पुढच्यानं, फक्त गिट्टी-रेतीवर तो जपून. वळणावर ब्रेक मारायचा नाही, आधीच स्पीड कमी करून आत शिरायचं. आणि खड्ड्याकडे बघायचं नाही, बघितलं की गाडी तिकडंच जाते, जायचं तिकडं बघायचं. (यावरून जगण्याचा धडा काढायचा मोह मला पण होतो, पण तो खरंच गाडीचाच नियम आहे, तिथंच राहू द्या.) मग रोड. आधी पोहरादेवी, मग पुसदकडची चढ-उताराची वळणं, मग यवतमाळ जाऊन येऊन एका दिवसात, आणि शेवटी हेच सगळं मागं सामान बांधून, कारण सामानानं गाडी वेगळीच वागते आणि ते रॅलीच्या दिवशी कळून उपयोग नाही. अंधार पडला की गाडी बंद, आमच्याकडे तिन्हीसांजेला रोही आणि रानडुकरं रोडवर येतात, पट्टीचे ड्रायव्हर पण पडलेत. शिवाय जानेवारीत धुकं असतं, कापसाचे ट्रॅक्टर मागचा लाल दिवा न लावता चालतात, आणि काळ्या मातीत डांबराची कड खाली बसलेली असते, एकदा चाक खाली उतरलं की लगेच वर घ्यायला जायचं नाही, स्पीड कमी करून सपाट जागा बघून चढायचं.

ही भीती मी काढत नाही. कोणी काढून मागितली तरी नाही. ज्याला टिप्परची भीती वाटत नाही त्याच्या मागं मी बसणार नाही.

दुसरं पान माझ्याकडे. त्यावर नावं होती देणगीदारांची. मी म्हटलं, यातल्या तिघांकडे जायचं आणि सांगायचं, "मी रॅलीत जातेय, पण नवीन आहे, कदाचित मधूनच गाडी पिकअपमध्ये टाकून पुढं जाईन, कदाचित परत येईन. पैसे मात्र वसतिगृहालाच जातील."

ती म्हणाली, "मरून जाईन पण हे नाई सांगनार."

मी काही जोर केला नाही. मी ज्या विचाराची आहे त्यात अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फार मोठा माणूस. १९५५ साली त्यानं आपली उपचारपद्धत मांडली, पण तिचं मूळ फार आधीचं, एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी स्वतः जाऊन बोलायचं त्यानं ठरवलं, कारण त्याला त्याचीच भयंकर भीती वाटायची. शंभरावर जणींशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं, ती पण आली नाही. पण नकार खाऊन माणूस मरत नाही हे त्याला पुस्तकात नाही, बाकावर कळलं. सुनीताला मी ही गोष्ट सांगितली. खूप हसली आणि म्हणाली, "बाप्पा, शंभर!" पुढच्या आठवड्यात तिघांकडे जाऊन आली.

कृषी केंद्रवाले काका बियाण्याच्या पिशव्या मोजत होते. हिनं सगळं पाठ केलेलं एका दमात म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तू गाडीनं जाय का एसटीनं जाय, मले पावती दे, सीएले द्या लागते." झालं. ज्या माणसाला ती रोज रात्री हायवेवर उभं करत होती त्याच्या डोक्यात फक्त ८०-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवायची, पावती होती. (त्यावर लगेच सांगते, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ८०-जीची सूट मिळत नाही. मोठी देणगी सरळ संस्थेच्या खात्यात टाकायला सांगा, पावती तिकडूनच येऊ द्या. आपल्या हातात नोटा नसल्या की छातीवरचं ओझं पण निम्मं होतं.)

सुपरवायजर मॅडमना तर आपण किती दिले तेच आठवेना.

तिसरे नंदोई. ते म्हणाले, "अर्ध्यातून यायचं असन तं मंग माहे पैसे वापस दे."

सगळ्यांना वाटतं काकांच्या उत्तरानं ती सुटली. मला तसं वाटत नाही. काकांच्या उत्तरानं बरं वाटलं एवढंच, आणि बरं वाटणं चार दिवस टिकतं. खरं काम केलं ते नंदोईंनी. जे होऊ नये म्हणून ही दोन महिने जागी होती ते तोंडावर घडलं. मी विचारलं, मग काय केलं?

"देऊन टाकले. दोन हजार. म्या तिथंच पर्समधून काढून देल्ले."

"आणि?"

"आनं काय. नणदेनं चहा केला, पेली न आली." मग थोडं थांबून, "रात्री झोपली बी मॅडम."

एवढंच सांगत होती, पण तिचा चेहरा मी बघत होते. कोणी नाराज झालं, ते तोंडावर बोललं, आणि त्याच घरात बसून तिनं चहा प्यायला. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला एवढं एकदा जमलं की पुढं माझं काम फार उरत नाही. "लोक काही म्हणणार नाहीत" असं मी कधीच कोणाला सांगत नाही. म्हणतात लोक. म्हणू द्यायचं आणि चहा प्यायचा.

रॅलीत ती गेली. वणीला तिनं स्वतःहून गाडी पिकअपवर चढवली, चंद्रपूरपर्यंतचा टिप्परचा रस्ता ड्रायव्हरशेजारी बसून गेली. तिचं बघून अजून दोघींनी चढवल्या, त्यातली एक तर बुलेटवाली. चंद्रपूरहून पुन्हा गाडीवर. आष्टीपासून आलापल्लीपर्यंत सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागं धूळ खात गेली, तिथं उतरावंसं वाटलं नाही म्हणे. गोंडपिपरीला क्लच केबल तुटली, जास्तीची एक भाच्यानं सोबत दिलेली होती म्हणून अर्ध्या तासात निघाल्या, आणि फोनवर मला सगळ्यात जास्त वेळ त्या केबलचीच गोष्ट सांगितली.

अशा रॅल्या जे भरवतात त्यांना माझं एक सांगणं आहे. मागं पिकअप ठेवताच तुम्ही, पण ती पंक्चर झालेल्यांसाठी असं धरून चालता. पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत प्रत्येकीला विचारा, तू कुठला टप्पा गाडीवर करणार नाहीस? ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या रायडरनं आधी स्वतःचा सांगावा, म्हणजे नवीन बाई तोंड उघडते. सगळ्यात हळू चालवणारीला पुढून दुसरी ठेवा, शेवटी नको, शेवटची नेहमी गाठायच्या नादात पळवते. शेवटी अनुभवी बाई. तासाभरानं थांबा. आणि देणगीच्या पत्रकावर किलोमीटर लिहू नका, संस्थेचं नाव आणि कामाचा खर्च लिहा. "सहाशे किलोमीटर पूर्ण करणार" असं छापलं की शेवटच्या शंभर किलोमीटरला दमलेली बाई पण गाडीवरून उतरत नाही, आणि अपघात तिथंच होतात.

आणि चालवतानाच छाती धडधडते, हात बधिर होतात, समोरचं नीट दिसेनासं होतं असं होत असेल तर बाजूला लावा, हेल्मेट काढा, त्या दिवशी पुन्हा गाडीला हात लावू नका. गाडी घरी उभी असतानाही तसंच होत असेल किंवा दोन-दोन आठवडे झोप नसेल तर रॅलीपर्यंत थांबू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.