रानातलं बियाणं निवडायचं नसतं

चि. भाऊस आशीर्वाद.

तुझी रानमुगाची पुडी पोचली. दाणे टपोरे, एकसारखे, एकही पोचट नाही. अडचण तीच आहे. घरच्या पेरणीसाठी आपण भरलेलं कणीस राखतो, भरताच्या वांग्याचं डौलदार फळ बियाला सोडतो. रानात हाताची ही सवय सोडावी लागते. तिथे झाडाझाडांतला फरकच जपायचा असतो. खुरटलेल्या, मागे राहिलेल्या झाडातही उद्याच्या रोगाला पुरून उरणारा गुण असू शकतो. ‘परभणी क्रांती’ भेंडीला केवडा रोगाशी झुंजायची ताकद रानभेंडीशी केलेल्या संकरातून मिळाली. ती खरखरीत शेंग बघून कुणी बियाणं म्हणून धरली नसती.

तेव्हा एका ठिकाणी निदान 50 झाडं घे. पाच-दहा पावलं टाकायची, पुढ्यात येईल ते झाड, मग ते कसंही असो. प्रत्येकाच्या शेंगा साधारण सारख्याच. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त तोडू नकोस. रानमूग वर्षायू आहे, पुढच्या वर्षाचं रोप उरलेल्या बियांतूनच येणार. तोडण्याआधी दहा दाणे ब्लेडने कापून बघ. आत घट्ट, भरलेलं हवं. पोखरलेले फार निघाले, तर ती जागा सोडून पुढे जा.

वेळ सांभाळ. शेंग काळी पडली की उन्हात तडकते, पीळ घेते आणि दाणे उडतात. म्हणून दव असतानाच तोड. हिरवी शेंग नको, तिचा दाणा टिकत नाही. दवाने ओल्या शेंगा प्लॅस्टिकमध्ये कोंडल्या तर बुरशी येते. कापडी पिशवी घे आणि त्याच दिवशी सावलीत पसर. वरून पातळ फडकं टाक, नाहीतर सकाळी दाणे खोलीभर सापडतील.

शेंदाडाचं, म्हणजे रानटी खरबुजाचं, वेगळं. मधमाश्या त्याचा परागकण खरबुजाच्या वाडीतून आणतात. तापीच्या वाळूतल्या वाड्यांलगतचं शेंदाड रानटी म्हणून धरू नकोस, वाडीपासून लांब, माळावरचं शोध.

वाळलं की नाही, याची सोपी परीक्षा: कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग बी, थोडं कोरडं मीठ, झाकण लावून हलव. मीठ काचेला चिकटलं, तर बी अजून ओलं आहे. सुटं राहिलं तरी दीर्घ साठवणीला तेवढं पुरत नाही; पुढे हवाबंद डब्यात बियांच्या वजनाइतकं सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) ठेव, रंग बदलला की जेल बदल. रानमुगाची साल कडक असते. उगवण तपासताना सालीला नाभीच्या (दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूने हलकी चीर दे, नाहीतर जिवंत बी मेलेलं समजशील.

सातपुड्यात वनखात्याची परवानगी आणि गावच्या जैवविविधता समितीची संमती आधी घ्यायची. यावल अभयारण्यात तर परवानगीशिवाय एक शेंगही नाही. अहिराणीत आणि पावरीत एकाच वेलाची नावं निराळी, म्हणून दोन्ही लिहून घे आणि फूल-शेंगेसह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेव. बियांचा एक हिस्सा राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अकोला केंद्राकडे देण्याविषयी त्यांना आधी पत्र लिही.

तुझ्या पुडीवर फक्त ‘तोरणमाळ’ लिहिलंय. कोणता उतार, माती कसली, किती झाडांवरून, कोणत्या तारखेला? चिठ्ठी पिशवीच्या आत टाक आणि पेन्सिलीने लिही. शाई दवाने पसरते.