उत्तर त्यालाच देऊ द्या

"मुलगा बावीस वर्षांचा आहे, ऑटिझम (स्वमग्नता) आहे. बोलता येतं, पण बाहेर कुणी काही विचारलं की गप्प राहतो, नाहीतर सगळ्याला 'हो' म्हणतो. आम्ही आहोत तोवर ठीक, पुढं कसं व्हायचं?" माझ्याकडे येणारे बहुतेक पालक या ना त्या शब्दांत हेच विचारतात. उत्तरादाखल एका घराची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

त्याला निखिल म्हणू. आयटीआय झालेला, उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये कामाला. कुठला बोल्ट कुठल्या रॅकला, किती शिल्लक, सगळं तोंडपाठ. सुपरवायझरची तक्रार होती की सांगितलेलं ऐकत नाही, मध्येच बाथरूममध्ये जाऊन बसतो. आईचं दुखणं निराळं. पगार झाला की बरोबरची पोरं उसने पैसे नेत आणि परतीचं नाव काढत नसत.

पहिल्या भेटीत मी त्याला विचारलं, "चहा घेणार?" आई म्हणाल्या, "नको मॅडम, घरनं पिऊनच आलाय." "कामावर कसा जातोस?" "केएमटीच्या बसनं जातोय की, मी स्टॉपपर्यंत सोडते." प्रश्न त्याला, उत्तर आईचं. त्यात माया होती आणि वर्षानुवर्षांची सवयही. पण ऑटिझम असलेल्या अनेकांना ऐकलेलं समजून उत्तर जुळवायला जास्त वेळ लागतो. दर वेळी त्या वेळात दुसरंच कुणी बोललं, तर आपण बोलायची गरजच नाही हे माणूस शिकतो. म्हणून पहिला गृहपाठ आईंना दिला: प्रश्न त्याला असेल तर मनात दहा मोजायचे, तोंड मिटून. निखिलपेक्षा त्यांनाच तो जड गेला.

पुष्कळ पालकांना वाटतं, मी मुलाला डोळ्यांत बघून बोलायला, हसून नमस्कार करायला शिकवेन. मी शिकवत नाही. डोळ्यांत बघायला लावलं की ऐकण्यावरचं लक्ष उडतं, असं ऑटिझम असलेली कितीतरी माणसं स्वतः सांगतात. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो; ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तितकंच इतरांनाही त्याचं कळत नाही. मग सगळी मेहनत एकट्या निखिलनेच का करायची?

आम्ही सुरुवात 'नको'पासून केली, तीही घरात. रविवारी मटणाचा बेत असला की पांढरा रस्सा भातावर ओतलेला त्याला खपत नाही; वाटीत वेगळा हवा. हे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक, तरी आत्याकडे गेलं की ती प्रेमाने ओतणार आणि आई डोळ्यांनी दटावणार, "खा गप." ज्या मुलाचं ताटातलं 'नको' कुणी मानत नाही, तो पगाराच्या दिवशी मित्राला 'नाही' कुठून म्हणणार? बोलता न येणारी मुलंही ताट ढकलून 'नको'च सांगत असतात. चित्रांचं कार्ड, मोबाइलवर टाइप केलेली ओळ, हाताची खूण, सगळं बोलणंच आहे. ते ऐकलं गेलं तरच पुढचं जमतं.

पैशांसाठी एकच वाक्य ठरवलं: "मी पैसे उसने देत नाही." वाक्य त्याने स्वतः निवडलं. कारण विचारलं तर कारण द्यायचं नाही, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. सरावासाठी मी मित्र झाले आणि म्हटलं, "काय भावा, एवढ्यासाठी दोस्ती तोडतोस होय?" तो अडकला. पाकीट काढायला हात खिशात गेला. मग त्याच जागी थांबून, माणसं बदलून, आवाज चढवून पुन्हा पुन्हा केलं. खोलीत जमलेलं बाहेर आपोआप जमत नाही, म्हणून पुढं त्याच्या चुलतभावाला घेऊन खऱ्या टपरीवर सराव केला.

वर्कशॉपचं कोडं सोपं निघालं. ग्राइंडर चालू असताना त्याला माणसाचं बोलणं वेगळं काढता येत नाही, आणि आवाज असह्य झाला की बाथरूम हीच एक शांत जागा. सुपरवायझरला आई भेटणार होत्या, मी अडवलं. निखिलने व्हॉट्सॲपवर लिहिलं: "गोंगाटात मला बोललेलं कळत नाही. काम लिहून द्या. मी कानाला मफ लावणार आहे. आवाज वाढला तर पाच मिनिटं बाहेर जाईन." त्यात ऑटिझम हा शब्द घालायचा की नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्याने घातला नाही. तो निर्णय त्याचा. सुपरवायझरने 'ओके' एवढंच उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी सुरू झाली.

आता कायद्याचं, कारण नातेवाईक याबाबत घाबरवतात. अठरा पूर्ण झाली की ऑटिझम असला तरी माणूस सज्ञान. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी ज्यात असतात अशा स्थानिक समितीकडून पालकत्व, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार, घेता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, ज्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. गरज असेल तिथे जरूर घ्या. पण आधी बघा, मदत मिळाली तर तो स्वतः किती ठरवू शकतो. निखिलचं बँक खातं आज तोच चालवतो. महिन्याचा हिशेब आईबरोबर बसून लिहितो. गेलेले पैसे मात्र आलेले नाहीत, येतील असंही दिसत नाही.

मध्ये आईंचा फोन आला, चिडलेल्या. "आता मलाच नाही म्हणतोय!" आतेबहिणीचं लग्न होतं आणि हळदीच्या डॉल्बीला तो येणार नव्हता. मी म्हटलं, लग्नात कशाकशाला येणार ते त्याला विचारा. त्याने लिहून दिलं: अक्षता आणि जेवण, वरातीआधी रिक्षाने घरी. तसंच झालं. आत्या अजून रुसलेली आहे. पण तिची समजूत काढायला निखिलला पुढं करायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं आहे.