पाण्याची वाट बघत नांगरावर काढलेले तास कामाचेच धरा

ताई, तुमचा भाऊ ऐरोलीहून बार्जवर (माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटीवर) खलाशी म्हणून जातो, हजेरीपटावर रोज 9 ते 5 लागतं, प्रत्यक्षात तो दोन-दोन रात्री घरी येत नाही, आणि शेठचं म्हणणं, "नांगर टाकून बसलात तो वेळ कामात कसा धरायचा?" ठाणे खाडीत मी बार्जवर इंजिन ड्रायव्हर होतो तेव्हा आम्हालाही शब्दन् शब्द हेच ऐकवलं जायचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही. जे भोगलं आणि त्या निमित्ताने जे वाचलं तेवढंच सांगतो. नेमणूकपत्र, पासबुक, सोबत्यांचे जबाब वगैरे तुम्ही जमवलं असेलच, त्यात शिरत नाही.

तुम्हाला कुणीतरी सुचवलंय की 24 तासांत 10 तास विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय नियम दाखवा. तो नियम 2006 च्या सागरी कामगार करारातला आहे आणि भारताने तो 2015 मध्ये मान्यही केलाय. पण फक्त नदी-खाडीत किंवा आडोशाच्या पाण्यात चालणारी जहाजं त्या करारातून वगळलेली आहेत. जादा तासांच्या पगाराच्या अर्जात ते कलम टाकलंत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते खोडेल आणि बाकीचा अर्जही कच्चा दिसायला लागेल. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याचंही तसंच. त्याचा भर नोंदणी, तपासणी, बोटीवर कोण-किती माणसं हवीत, त्यांची प्रमाणपत्रं यावर आहे. पगाराचं भांडण तिथे नेऊ नका.

आता मुद्द्याचं. भरलेली बार्ज गाळाच्या खाडीत वर न्यायची तर भरतीच लागते. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, सकाळी आणि रात्रीही. खाडीत वर जाल तसं थोडं उशिरा. मग महिनाभर रोज 9 ते 5 बार्ज चालली, भरली, रिकामी झाली, हे घडूच शकत नाही. तो हजेरीपट स्वतःच सांगतो की तो खोटा आहे. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापते, त्यात मुंबईच्या वेळा तारीखवार असतात. भावाच्या वहीतल्या सुटण्या-लागण्याच्या वेळा आणि ते कोष्टक शेजारी शेजारी ठेवा. आमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त वजन याच कागदाला आलं. सुपरवायझरचे "दीडला पाणी (म्हणजे भरती) आहे, तयार राहा" असे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. फोन खाडीत पडायला वेळ लागत नाही.

आणि "तयार राहा" हेच दोन शब्द महत्त्वाचे. नांगरावर असताना माणूस बाजारात जाऊ शकत नाही, घरी जाऊ शकत नाही, नीट झोपूही शकत नाही, कारण उधाणाला बार्ज फिरली की दोर बघायला उठावंच लागतं. मी तर म्हणेन हे कामच आहे, अर्धवट काम वगैरे काही नाही. युरोपात नदीवरच्या बोटींसाठी 2014 साली वेगळा निर्देश निघाला, त्यात कामाच्या वेळेच्या व्याख्येतच तयारीत थांबण्याचा वेळ धरलाय. शिवाय 24 तासांत 14 आणि 7 दिवसांत 84 तासांची कमाल मर्यादा, आणि रोजच्या 10 तास विश्रांतीतले 6 सलग. तो आपल्याला लागू नाही हे उघड आहे, पण युक्तिवादाला उदाहरण म्हणून चालतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर 1920 मध्येच अंतर्गत जलवाहतुकीतले कामाचे तास मर्यादित करा अशी शिफारस केली होती. शंभर वर्षं उलटून गेली आणि आपला पोरगा अजून डेकवर बसून डुलक्या काढतोय, याचा मला खरोखर संताप येतो.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान शेठने नाही, एका कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. अर्ज नेला तर "बोट आमच्याकडे येत नाही", म्हणजे आमच्या अखत्यारीत नाही, असं तोंडी सांगितलं. तेव्हा 1936 चा वेतन प्रदान कायदा लागू होता आणि त्याच्या व्याख्येतच यंत्रावर चालणारं अंतर्देशीय जलयान स्पष्ट लिहिलेलं होतं. कलमाची प्रत पुढे ठेवली तरी वाचायची तयारी नाही. पोच मागितली तर "आधी आमच्यात बसतं का ते बघू दे." मग "वरून मार्गदर्शन मागवलंय." कुणाकडून, कधी, कोणत्या पत्राने, काही नाही. त्या कायद्यात दावा करायची मुदत 12 महिन्यांची. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळायची, पण कारण सिद्ध कशाने करणार? आमच्या हातात त्यांच्या शिक्क्याचा एक कागद नव्हता. जुने महिने असेच बुडाले, ते सगळ्यात जास्त जागरणाचे होते. नंतरच्या महिन्यांचं तडजोडीत मिळालं.

म्हणून अर्ज हातात देऊच नका, किंवा दिलात तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानेही पाठवा. आवक क्रमांक मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नका. "मार्गदर्शन" हा शब्द कानावर पडला की दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका: माझा अर्ज कोणाच्या टेबलावर, किती दिवस? उत्तराची मुदत 30 दिवस. राज्याच्या 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्यात एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं आहे, त्याचाही उल्लेख करा. उल्लेखानेच हालचाल होते, असा माझा अनुभव.

आता कायदा बदललाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत दाव्याची मुदत 3 वर्षं आहे आणि जादा कामाला किमान दुप्पट दर. दिवसाला 8 तासांची मर्यादा सुरक्षा संहितेत (कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या अटींची संहिता) आहे, ती 10 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना. शेठ म्हणेल बार्जवर पाच-सहाच माणसं. माझ्या मते त्याच्या सगळ्या बोटी आणि जेट्टीवरची माणसं एकत्र मोजायला हवीत, पण हे आणि नोव्हेंबरच्या आधीची थकबाकी, दोन्ही कामगार कायद्याच्या वकिलाला विचाराच.

वही आजपासून सुरू करा. तारीख, तिथी, नांगर कधी टाकला, कधी उचलला, कोणी हाक मारली. एका ओळीत, त्याच रात्री, पेनाने. आणि हजेरीपटावर सही करताना भावाला खाली "प्रत्यक्ष वेळ वेगळी" एवढं लिहायला सांगा. लिहू देत नसतील तर तेही वहीत.

अर्ज परत आला तर त्यावरचा शेरा इथे टाका, नावं झाकून. कोणत्या कलमावर बोट ठेवलंय ते बघून पुढचं सांगतो.