घरदुरुस्ती: दिवा हिरवा, तरी बेसमेंटमध्ये पाणी

प्रश्न: घर घेतलं तेव्हाच बेसमेंटमध्ये सम्प पंप (जमिनीतल्या खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा) होता, जोडीला बॅटरीवरचा बॅकअप पंपही होता. परवाच्या वादळात वीज गेली, बॅकअप पंपाचा आवाज दहा-पंधरा मिनिटं आला आणि थांबला. कार्पेट भिजलं. पण बॅकअपच्या चार्जरच्या डब्यावरचा हिरवा दिवा आदल्या दिवशी मी स्वतः पाहिला होता! आता तो पुन्हा हिरवा आहे, मधूनच बीप वाजतं. दुकानदार म्हणतो, सगळा संचच बदला. यजमान सारखे फिरतीवर, तेव्हा हे मलाच निस्तरायचं आहे.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: ताई, संच बदलायची घाई करू नका. पंप दहा-पंधरा मिनिटं चालला, म्हणजे मोटर, फ्लोट (पाणी चढलं की वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता खटका) आणि वायरिंग तिन्ही बहुधा ठीक आहेत. दम संपला तो बॅटरीचा. दुकानदाराला अख्खा संच विकण्यात रस असणारच.

त्या हिरव्या दिव्यावर माझा जुना राग आहे. साध्या डब्यांवर तो एवढंच सांगतो की चार्जरला वीज मिळते आहे आणि बॅटरीचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या वर आहे. बॅटरीत किती साठा उरला आहे, हे त्याला कळत नाही. म्हाताऱ्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, साठवण्याची ताकद जाते. पण लोड, म्हणजे पंपाची ओढ, नसताना ती व्होल्टेज झकास दाखवते. पुण्यात ज्यांनी इन्व्हर्टर सांभाळला आहे, त्यांना हे नवीन नाही. फरक इतकाच, की तिकडे वीज वरचेवर जायची, त्यामुळे बॅटरी उतरली की लगेच कळायचं. इथे महिनोन् महिने वीज जात नाही आणि बॅटरी कोपऱ्यात गुपचूप मरते.

म्हणून तपासायची ती लोडवर. साधा मल्टिमीटर आणा. चार्जरचा प्लग काढून बॅटरी काही तास तशीच ठेवा. भरलेली, चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती बरीचशी रिकामी आहे. हे झालं की मुख्य पंपाचा प्लग काढा आणि खड्ड्यात पाणी ओता. बॅकअपचा फ्लोट मुख्य पंपाच्या फ्लोटपेक्षा वर असतो, त्यामुळे एका बादलीत भागत नाही. लाँड्रीच्या नळाला पाइप लावून सोडलंत तर कंबर वाचेल. पंप सुरू झाला की चालू असतानाच टर्मिनलवर व्होल्टेज बघा. थोडं उतरून टिकलं तर बॅटरी शाबूत. काही मिनिटांत १०.५ कडे घसरलं तर तिला निरोप द्या. आणि बाहेर जाऊन पाणी खरोखर पडतंय का, हेही बघा. शेवटी दोन्ही प्लग परत लावा. हे सांगावं लागतं.

बीपचा नेमका अर्थ तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल, पण बहुतेक वेळा कारणं तीनच: व्होल्टेज कमी, सेलमधलं पाणी कमी किंवा टर्मिनलवर पांढरा-निळसर मळ. बॅटरीला वर झाकणं असतील तर उघडून बघा. प्लेटा बुडालेल्या हव्यात. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही, आणि काठोकाठ भरू नका. चार्ज होताना ते वर येतं. प्लेटा बरेच दिवस उघड्या पडल्या असतील तर पाणी घालून त्या जिवंत होत नाहीत. एजीएम बॅटरी (आम्ल काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेली) सीलबंद असते, तिच्यात पाणी घालायचा प्रश्नच नाही.

मळ काढायचा तर चार्जर बंद करा, आधी ऋण टोक सोडवा, मग धन, जोडताना उलट. बेकिंग सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, मात्र ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. डोळ्यांवर गॉगल हवाच. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ देव्हारा असेल तर समई दुसरीकडे.

नवी बॅटरी घ्याल ती डीप सायकल, म्हणजे हळूहळू खोलवर उतरून पुन्हा भरण्यासाठी बनलेली. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनलेली असते. तासन् तास पंप ओढणं तिचं काम नाही. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि १२ अँपिअर ओढणारा पंप, म्हणजे कागदावर सव्वासहा तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. पंप थांबत-थांबत चालला तर बरीच जास्त पुरते. साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलायची. बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दुकानात परत दिलीत तर कोअर चार्जचे (जुन्या बॅटरीपोटी घेतलेल्या अनामतीचे) पैसे मिळतात.

एक लक्षात घ्या, बॅकअप फक्त वीज गेल्यावरच लागतो असं नाही. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसात नेवार्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाणी पडलं. अशा वेळी वीज असूनही एकटा पंप हरतो, आणि वरचा फ्लोट उचलला जाऊन दुसरा मदतीला येतो. साध्या होमओनर्स पॉलिसीत सम्पचं उलटलेलं पाणी सहसा धरलेलं नसतं. त्यासाठी वॉटर बॅकअपचं वेगळं कलम घ्यावं लागतं. कार्पेटचा दावा करण्याआधी ते बघा.

प्रश्न: बॅकअप पंप घेण्याऐवजी पुण्यासारखा इन्व्हर्टर लावून मुख्य पंपच बॅटरीवर चालवला तर?
– एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर: चालतो, पण हिशेब करा. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना साधारण हजार वॉट घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट. म्हणजे इन्व्हर्टर दणकट हवा, प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा) हवा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर ओढ पडते नव्वद अँपिअरच्या घरात. शंभर अँपिअर-अवरची एक बॅटरी तासभरही टिकणार नाही. थेट बॅटरीवर चालणारा डीसी बॅकअप पंप पाणी कमी फेकतो, पण तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरवतो. शिवाय मुख्य पंपाची मोटरच जळली तर इन्व्हर्टर काय करणार? मी वेगळा पंपच घेईन. आणि भारतातून इन्व्हर्टर आणायचा विचार असेल तर सोडा. तो २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा, आपल्याकडे १२० आणि ६०.

प्रश्न: बॅकअप पंप घरघरतो, पाणी मात्र वर चढत नाही. बॅटरी नवीन आहे.
– एक वाचक, मिसिसागा, कॅनडा

उत्तर: इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकात) खडा अडकलाय का बघा, पण वीज आणि बॅटरी दोन्ही तोडून. तो मोकळा असेल तर चेक व्हॉल्व्हवरचा (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेवरचा) बाण वरच्या दिशेने आहे ना, हे तपासा. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह मी पाहिला आहे. तेही ठीक असेल तर हवा अडकली आहे. पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपला एक बारीक भोक, साधारण तीन मिलिमीटरचं, असावं लागतं. ते नसेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या जागी पाडा. असेल तर तारेने साफ करा. त्यातून थोडं पाणी खड्ड्यात उडत राहील, ते तसंच उडायला हवं. हिवाळ्यात हेच झालं तर आधी अंगणातल्या पाइपचं तोंड बघा, बर्फाने बुजलेलं असेल.