हेल्मेटचा नियम नंतर पाहू, आधी तारीख पाहा

पुणे जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. एका खासगी घोडेस्वारी क्लबने भरवलेल्या बालगटाच्या स्पर्धेत, तिची फेरी पुकारली जाण्यापूर्वी, सराव रिंगणात घोडा फिरवत असताना ती पडली, आणि क्लबनेच दिलेले हेल्मेट तिचे डोके जमिनीला लागण्यापूर्वीच निघून पडले. कवटीला तडा गेला, एकोणीस दिवस रुग्णालयात काढावे लागले, 4 लाख 80 हजार रुपये खर्च झाला आणि झटके येऊ नयेत म्हणून आजही दोन वेळची गोळी चालू आहे. लहान मुलांना स्पर्धेत हेल्मेट सक्तीचे करणारा कायदा कोणता, आणि प्रवेश-अर्जावर ‘सर्व जबाबदारी पालकांची राहील’ या मजकुराखाली सही केलेली असताना आता काही करता येईल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पोहण्याचे वर्ग, कराटे, उन्हाळी शिबिरे यांच्याबाबत याच वळणाची पत्रे नेहमी येतात, म्हणून उत्तर येथे देत आहे.

आपले पत्र वाचल्यावर मी आधी कायद्याचे पुस्तक उघडले नाही, भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. अपघाताला एक वर्ष अकरा महिने होऊन गेले आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादकारण, म्हणजे तक्रारीला कारण ठरलेली घटना, घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली पाहिजे, आणि आपल्या प्रकरणात वादकारण घडले ते मुलगी पडली त्या दिवशी. आपल्या हातात तीन आठवडेसुद्धा उरलेले नाहीत. सहा पानी पत्रात अपघाताची तारीख आपण पाचव्या पानावर, तीही कंसात लिहिली आहे. आपले सारे प्रकरण त्या कंसात आहे. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे परवडणारे नसल्याने एवढा भाग आपल्याला स्वतंत्रपणे कळवला आहे.

मधला काळ कसा गेला हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे. क्लबच्या सचिवांनी आधी ‘पुढच्या महिन्यात कमिटीची बैठक आहे’ असे सांगितले, नंतर विम्याचे कागद पाठवल्याचे सांगितले, मग पावसाळ्यानंतर बसू म्हणाले, आणि आपण दर वेळी ‘ठीक आहे सर’ असे उत्तर पाठवून थांबलात. माणूस म्हणून मी हे समजू शकतो. घरात आजारी मूल असताना भांडण नको वाटते. परंतु चालू असलेली बोलणी, पत्रव्यवहार किंवा व्हॉट्सअॅपवरची आश्वासने यांनी मुदत थांबत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार त्याच कलमाने आयोगाला दिला आहे हे खरे, पण ‘समोरचे झुलवत होते’ हे कारण सबळ ठरेल या भरवशावर कोणी राहू नये. मुलीवरील उपचार अजून चालू असल्याने वादकारणही चालू आहे, असा युक्तिवाद एखादा वकील करील. गरज पडली तर मीही करीन. ती गरज आपण पडू देऊ नये.

आता कोणीतरी आपल्याला आधी रीतसर नोटीस पाठवा, पंधरा दिवस वाट पाहा, मग तक्रार करा असा सल्ला देईल. ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी नोटीस देण्याची कायद्याने सक्ती नाही. आपल्याकडे पंधरा दिवस उधळण्याइतके दिवसच शिल्लक नाहीत. नोटीस द्यायची हौस असेल तर ती तक्रार दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भागवावी.

तक्रार जिल्हा आयोगाकडेच होईल. 2019 च्या कायद्याने आयोगाची आर्थिक मर्यादा सेवेपोटी दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, आणि तो मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही लागत नाही. आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, क्लब कोठे आहे याला महत्त्व नाही. ती ऑनलाइनही भरता येते, पण शेवटच्या रात्री संकेतस्थळाशी झटापट करण्यापेक्षा आठवडाभर आधी भरून पोच छापून ठेवावी. मासिक शुल्काच्या आणि स्पर्धेच्या प्रवेशशुल्काच्या पावत्या पहिल्या जोडपत्रात लावा, कारण विनामूल्य सेवा या कायद्यात बसत नाही आणि क्लबचा पहिला बचाव बहुधा ‘स्पर्धा हा आमचा हौशी उपक्रम होता’ असाच असेल. पैसे आपण भरले असले तरी सेवेची लाभार्थी म्हणून मुलगीही ‘ग्राहक’ ठरते. तक्रार तिच्या नावाने, अज्ञान पालनकर्ता (कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अल्पवयीन) म्हणून आपल्यामार्फत करावी आणि आपण स्वतः दुसरे तक्रारदार व्हावे.

ही तारीख हुकली तर दार कायमचे बंद होते का? तसे नाही, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 6 आणि 8 प्रमाणे अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दाव्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. म्हणजे आपली मुलगी वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत दिवाणी दावा लावू शकेल, आणि सज्ञान होण्याआधीही वादमित्रामार्फत, म्हणजे तिच्या वतीने दावा चालवणाऱ्या सज्ञान व्यक्तीमार्फत, लावू शकेल. ही सवलत तिची आहे, आपली नव्हे. आपण केलेल्या खर्चाचा आपला स्वतःचा दावा साधारणपणे तीन वर्षांतच संपतो. शिवाय कलम 6 चे शब्द ‘दावा’ आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज यांपुरते आहेत, ते ग्राहक तक्रारीलाही लागू होतात हे आपल्याला भांडून पटवावे लागेल. दिवाणी न्यायालयात दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरून न्यायालय वादाचे मुद्दे निश्चित करण्याची वाट पाहत वर्षे काढणे म्हणजे काय, हे आमच्या व्यवसायातील लोकांना जितके ठाऊक आहे तितके पक्षकारांना सुदैवाने नसते. तोवर क्लबचा घोडे सांभाळणारा मोतद्दार गावी गेलेला असेल, प्रशिक्षक दुसऱ्या क्लबात असेल आणि घोडाही विकला गेलेला असेल. ग्राहक आयोगही तीन महिन्यांत निकाल देण्याचे कायद्यातील अभिवचन पाळतातच असे नाही, उलट क्वचितच पाळतात. पण तेथे निदान सामनेवाल्याला लेखी म्हणणे मांडण्यासाठी तीस अधिक पंधरा अशा पंचेचाळीस दिवसांपलीकडे वेळ देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ज्या सचिवांनी आपल्याला तेवीस महिने टोलवले, त्यांना हे पंचेचाळीस दिवस फार मोलाचे वाटतील.

सहीबद्दल आपण अकारण खचला आहात. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 11 प्रमाणे अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही आणि तिचा करार मुळातच निरर्थक असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहोरीबीबी प्रकरणात 1903 साली ठरवले, ते आजही टिकून आहे. मग तिच्या वतीने बापाने सही केली तर काय? आपल्याला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 लागू आहे असे धरतो. त्याच्या कलम 8 मध्ये नैसर्गिक पालकाला मुलाच्या हिताची कामे करण्याचा अधिकार दिला आहे, आणि लगेच पुढे म्हटले आहे की व्यक्तिगत कराराने पालक अज्ञान मुलाला कोणत्याही परिस्थितीत बांधू शकत नाही. मुलीचा भरपाई मागण्याचा हक्क आपण सोडून देणे तिच्या हिताचे होते, असे क्लबचा वकील कोणत्या तोंडाने सांगणार, हे मला पाहायचे आहे. आपण पाठवलेल्या छायाप्रतीत मात्र त्याच अर्जावर आणखी एक ओळ आहे, जी आपण वाचलेली दिसत नाही: क्लबवर कोणताही दावा आल्यास त्याची भरपाई पालक करतील. ती ओळ मुलीला नव्हे, आपल्याला उद्देशून आहे. स्वतःच्या निष्काळजीपणाचे ओझे अशा रीतीने दुसऱ्यावर ढकलता येते का, याबद्दल मला गंभीर शंका आहे आणि करार कायद्याचे कलम 23 येथे उपयोगी पडावे. पण ती ओळ निरुपद्रवी आहे असे मी लिहून देणार नाही. एक खबरदारी घ्या: ‘अनुचित करार’ म्हणून तो अर्जच रद्द करून मागण्याच्या मोहात पडू नका, कारण तशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते, आणि चुकीच्या दारात उभे राहण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. आपली तक्रार सेवेतील त्रुटीची आहे, तेवढीच ठेवा.

आता हेल्मेट. घोड्यावर बसणाऱ्या मुलाला हेल्मेट सक्तीचे करणारा केंद्राचा किंवा महाराष्ट्राचा कायदा शोधण्यात वेळ घालवू नका. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 129 चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट घालायला लावते, पण दुचाकीवर. ब्रिटनने 1990 मध्ये चौदा वर्षांखालील स्वारांसाठी खास कायदा केला, तोही रस्त्यापुरता. स्पर्धेचे रिंगण त्यात येत नाही. सक्ती येते ती स्पर्धेच्या नियमांतून. आपल्या अर्जाच्या माथ्यावर ‘इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाचे नियम लागू राहतील’ असे छापलेले आहे, आणि ही संस्था ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे त्याच्या सामान्य नियमांप्रमाणे स्पर्धेच्या आवारात घोड्यावर असेपर्यंत, कोठेही, पट्टा नीट बांधलेले संरक्षक शिरस्त्राण घालणे बंधनकारक आहे. 1 जानेवारी 2021 पासून ते ठरावीक मानकांचे असावे लागते. त्याच दिवशी ड्रेसाज या घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धाप्रकारातील उंच टोपीही इतिहासजमा झाली. त्यामुळे ‘अपघात स्पर्धेत नव्हे, सरावात झाला’ हे सचिवांचे म्हणणे मला फारसे टिकाऊ वाटत नाही. 2010 मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय हेल्मेटविना पडून कोमात गेली, ती घोड्याला तालीम देत असतानाच. हेल्मेटबाबत घोडेस्वारीच्या जगाचे डोळे उघडले ते त्या प्रसंगाने. आपल्या क्लबची स्पर्धा फेडरेशनच्या अधिकृत मान्यतेची होती की नव्हती हे मात्र मला कागदांवरून समजत नाही. नसली तरी स्वतःच्या अर्जावर जे नियम छापले त्यांच्याशी क्लब बांधलेला आहे, असे आपण म्हणू शकतो.

आपल्या हातातील सर्वांत मोलाची वस्तू मात्र आपण ओळखलेली नाही. सचिवांनी आपल्याला पाठवलेल्या संदेशात लिहिले आहे, ‘मुलीने आयएसआय मार्कचे हेल्मेट घातले होते, त्यामुळे आमच्याकडून हयगय झालेली नाही.’ सकाळी खोगिरावर बसलेल्या मुलीचे जे छायाचित्र आपण जोडले आहे, ते मी भिंग घेऊन पाहिले. हेल्मेटच्या मागे अर्धवट सोललेला स्टिकर आहे आणि त्यावर ‘आयएस 4151’ एवढे स्पष्ट वाचता येते. हे मानक दुचाकीस्वारांच्या हेल्मेटचे आहे. घोडेस्वारीच्या शिरस्त्राणाची मानके वेगळी आहेत. युरोपातील ईएन 1384 किंवा अमेरिकेतील एएसटीएम एफ 1163 अशी नावे आतल्या लेबलवर आढळतात. त्याच छायाचित्रात हनुवटीचा पट्टा बकलात न अडकवता गाठ मारून बांधलेला दिसतो. म्हणजे क्लबने, स्वतःच्या शब्दांत आणि लेखी, अकरा वर्षांच्या मुलीला स्कूटरचे हेल्मेट दिल्याची कबुलीच दिली आहे. गाठ कोणी मारली हे मुलीला विचारून, तिच्याच शब्दांत, आजच लिहून ठेवा. तिने स्वतः मारली असली तरी इतक्या लहान वयाच्या मुलाच्या माथी निष्काळजीपणा मारायला न्यायालये सहसा धजत नाहीत, आणि रिंगणाच्या दारात पट्टे तपासायला कोणी उभे का नव्हते, हा प्रश्न उरतोच.

आणि ते हेल्मेट? ‘क्लबची वस्तू म्हणून दुसऱ्या दिवशी मोतद्दाराबरोबर परत पाठवले’, असे आपण लिहिता. हे वाक्य मी दोनदा वाचले. ज्या वस्तूवर सारा दावा उभा राहायचा ती आपण धुऊनपुसून सामनेवाल्याच्या हाती दिलीत. आता तक्रारीसोबतच ते हेल्मेट जपून ठेवण्याचा आणि हजर करण्याचा आदेश मागणारा अर्ज करा. ते सापडेल अशी मला आशा नाही, पण ‘हरवले’ हे उत्तर लेखी मिळणेही आपल्या फायद्याचे आहे. छायाचित्रे आणि संदेश ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र त्याच्याच आधारे द्यावे लागेल.

भरपाईचा आकडा मी येथे सांगणार नाही. झटक्यांच्या औषधाची गरज किती वर्षे राहील यावर मेंदूविकारतज्ज्ञांचे लेखी मत आल्याशिवाय तो आकडा म्हणजे निव्वळ अंदाज ठरेल. मत उशिरा आले तर नंतर जोडता येईल, त्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका. पोलिसांत जाण्याचेही विचारले आहे. इतक्या दिवसांनी त्यातून दबावापलीकडे काही साधेल असे मला वाटत नाही, पण तो निर्णय आपला.

पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की क्लब ‘माणुसकीच्या नात्याने’ पन्नास हजार रुपये द्यायला तयार असून येत्या रविवारी पावतीवर सही करायला बोलावले आहे. या वेळी कमिटीला एवढी घाई का झाली, हे कॅलेंडर पाहिल्यावर आपल्या लक्षात येईल. पावतीवर ‘संपूर्ण व अंतिम’ हे शब्द असतीलच. रविवारी जाऊ नका. सोमवारी पावत्या, डिस्चार्ज कार्ड, मुलीचा जन्मदाखला, प्रवेश-अर्जाची प्रत आणि तो फोन घेऊन आपल्या वकिलांकडे बसा, आणि तक्रारीच्या शपथपत्रावर सही करून मगच उठा.