कोणतं जुनं संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर यायला हवं?

मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू' (१९४२) आधी यायला हवं. भानुमती सिनेनटी म्हणून नाव कमावते आणि नवऱ्याचा अहंकार दुखावतो. हा तिढा आजही घराघरांत सापडतो. पदं मोजकी असल्याने रात्र रात्र चालणाऱ्या जुन्या नाटकांइतकी काटछाटही लागणार नाही. चाली मास्टर कृष्णरावांच्या. ज्योत्स्ना भोळे यांनी गायलेलं 'बोला अमृत बोला' ऐका, शब्द न् शब्द कळतो. मात्र भानुमती स्वतः गाणारीच हवी, मागून ध्वनिमुद्रण वाजवून भागणार नाही. त्याखालोखाल देवलांचं 'शारदा' (१८९९). पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला देणारा कांचनभट आजही अंगावर येतो, पण तिथे पदांना कात्री लावावीच लागेल.