ऊसतोडीला गेलो म्हणून गाव सुटलं का?

प्रश्न : सप्टेंबर २०२५च्या पावसात सिंदफणेचं पाणी वस्तीत शिरलं आणि आमच्या दोन खणांच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घराच्या, तीन भिंती बसल्या. आम्ही पाच माणसं आत होतो, लेकरं उचलून पहाटे बाहेर पळालो. ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, म्हणून दिवाळी होताच निघावं लागलं. आता दीर फोनवर सांगतात, मदतीच्या यादीत नाव नाही. “ते सहा महिने गावात नसतात, अधिवासाचा दाखला आणा,” असं त्यांना सांगितलं. घर नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. आमचा हक्क गेला का?
– एक ऊसतोड कामगार, शिरूर कासार तालुका, जि. बीड

उत्तर : नाही ताई, गेलेला नाही. मी नवखा तलाठी असताना ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप झाला. किल्लारीच्या बाजूला एका पडलेल्या घराच्या चौकटीला कुलूप तसंच होतं. मी रकान्यात ‘कुटुंब बाहेरगावी’ एवढंच लिहिलं. माणसं मुंबईला मजुरीला गेली होती. माझ्या त्या दोन शब्दांपायी त्यांनी किती हेलपाटे घातले, ते मी पुढं डोळ्यांनी पाहिलं.

ही मदत पडलेल्या घराची आहे. इतकी वर्षं, इतके महिने गावात राहिलेलं असावं, अशी अट केंद्राच्या २०२२ ते २०२६च्या निकषांत नाही. अट आहे ती बांधकाम अधिकृत असण्याची. अधिवासाचा दाखला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा, तो शिक्षणाला आणि नोकरीला लागतो. त्याच्या मागं धावू नका. तुमचं घर नमुना आठला आहे, हीच तुमची सगळ्यात मोठी बाजू.

आधी दिराला पंचनाम्याची नक्कल मागायला सांगा. ती मिळाली की घराचा प्रकार काय लिहिलाय ते बघा, कारण खरी मेख तिथं असते. मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला, पक्कं असो की कच्चं, १,२०,००० रुपये आहेत. कच्च्या घराची अंशतः पडझड लिहिली तर ४,०००. ‘झोपडी’ लिहिलं तर ८,०००. माळवद म्हणजे झोपडी नव्हे. तीन भिंती बसल्यावर त्यात माणूस राहू शकत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा आणि फेरपंचनामा मागा. पडझडीचे फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये असतील तर तारखेसकट काढून घ्या. दिराला सांगा, तोवर ढिगारा हलवू नका.

राहण्याचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, लाइट बिल, मतदारयादीतलं पान, लेकरांचा शाळेचा दाखला, यांतलं असेल ते जोडा. शेजारच्या दोघांचे सहीचे जबाबही घ्या, त्या पहाटे तुम्ही घरातच होता म्हणून. आणि एक विसरू नका. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकानं तुमची नोंद करून ओळखपत्र दिलं असेल, तर त्याची झेरॉक्स लावा. ज्या ग्रामपंचायतीनं तुम्हाला ‘आमच्या गावचा ऊसतोड कामगार’ म्हणून नोंदवलं, त्याच गावात तुम्ही राहत नाही असं कसं म्हणता येईल? फडावरची कोपी, म्हणजे हंगामापुरता उभारलेला आडोसा, हे काही कुणाचं घर नसतं. हे मी खात्यात असतानाही बोलायचो.

सासऱ्यांच्या नावामुळं अडून बसू नका. मृत्यूचा दाखला आणि दिराची संमती लावून ग्रामपंचायतीत वारसनोंदीचा अर्ज द्या, त्याची पोच मदतीच्या अर्जाला जोडा.

अर्ज तहसीलदारांच्या नावे लिहा, सही करून दिराच्या हाती पाठवा. पोच घेतल्याशिवाय त्यांनी टेबल सोडू नये. नाव का वगळलं, याचं कारण लेखी मागा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, तिथंही हेच कागद घेऊन उभं राहता येतं. ऊसतोडीचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत थांबू नका, दिराला याच आठवड्यात पाठवा.